पडद्यावरचा खुनी आणि कोर्टातला पुरावा

रात्रीची जेवणं उरकली, ओटा पुसून झाला, की आपल्याकडे बऱ्याच घरांत सगळे मिळून एखादा खून पाहतात. वाक्य विचित्र वाटेल, पण खोटं नाही. आजी हातात जपमाळ घेऊन, सून उद्याची भाजी निवडत आणि नातू अभ्यासाचं पुस्तक नुसतं उघडं ठेवून टीव्हीसमोर बसलेले असतात. खुनी कोण, यावर पैजा लागतात. पाऊण तासात तो सापडतो आणि घर शांतपणे झोपी जातं. मला या मालिकांचं वावडं नाही. मीही त्या आवडीनं पाहतो. पण यातली चांगली गुन्हेकथा कोणती आणि नुसती सनसनाटी कोणती, हे ओळखायचं कसं?

मराठी माणसाला ही गोडी जुनीच आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या कादंबऱ्या वाचनालयातून आणून एका रात्रीत संपवणारी पिढी आपण पाहिली आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ आलं. पुढे १९९८ साली ‘सी.आय.डी.’ सुरू झालं आणि २०१८ पर्यंत चाललं. २०२४च्या अखेरीस ते पुन्हा आलं. त्यातले एसीपी प्रद्युम्न म्हणजे शिवाजी साटम. ते एकेकाळी बँकेत कॅशियर होते, याचं आम्हा बँकवाल्यांना कोण कौतुक! मात्र हेच एसीपी शेवटच्या प्रसंगात आरोपीला आता तुला फाशी होणार असं ठणकावतात, तेव्हा मी थोडा चुळबुळतो. शिक्षा सुनावणं हे पोलिसांचं काम नव्हे, ते न्यायाधीशाचं. शिवाय आरोपीनं पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब त्याच्याविरुद्ध पुरावा ठरत नाही. त्यातून एखादी वस्तू किंवा माहिती सापडली, तर तेवढ्यापुरताच भाग धरला जातो. १८७२च्या पुरावा कायद्यात हे होतं, आणि १ जुलै २०२४पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. पडद्यावर जिथे गोष्ट संपते, कायद्याची गोष्ट खरं तर तिथे सुरू होते.

हे सगळं आमच्या मराठवाड्यातल्याच एका प्रकरणानं फार ठळक केलं. ऑक्टोबर २०२४मध्ये सोनी लिव्हवर ‘मानवत मर्डर्स’ ही मराठी मालिका आली. दिग्दर्शक आशिष बेंडे. तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णींच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर. मालिकेला आधार आहे तो कुलकर्णींच्या आठवणींचा. मानवत परभणी जिल्ह्यात. इथून रेल्वेनं निघालं की परभणीच्या अलीकडे मानवत रोड स्टेशन लागतं. मूळचं हे कापसाच्या व्यापाराचं गाव. १९७२च्या त्या भयंकर दुष्काळी वर्षात, नोव्हेंबरमध्ये इथे खुनांची मालिका सुरू झाली आणि जानेवारी १९७४पर्यंत चालली. दहा जीव गेले. पाच मुली जेमतेम दहा वर्षांच्या, एक तान्हं मूल आणि चार बायका. कारण म्हणून पुढे आलं ते गुप्तधन आणि नरबळी. याच घटनांवर विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि अमोल पालेकरांनी दिग्दर्शित केलेला ‘आक्रीत’ हा चित्रपट १९८१ साली आला होता.

मालिका चांगली झाली आहे. गावाची बोली, वाड्यांचा अंधार, माणसांच्या डोळ्यांतला धसका नीट उतरला आहे. अभिनय उत्तम आहे. पण ती पाहून उठल्यावर घरोघरी जी चर्चा झाली, ती ‘खुनी कोण’ या प्रश्नापाशीच थांबली. खटला मात्र तिथे थांबला नव्हता. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७७ साली त्याचा निकाल लागला. खून प्रत्यक्ष करणाऱ्या काहींची फाशी कायम राहिली. पण ज्यांना या कटाचे सूत्रधार म्हटलं गेलं होतं, ते दोघे सुटले. त्यांच्याविरुद्धचा भार प्रामुख्यानं माफीच्या साक्षीदारांच्या जबानीवर होता, आणि अशा जबानीला स्वतंत्र पुराव्याचा दुजोरा हवा. तो पुरेसा मिळाला नाही. आजही माफीच्या साक्षीदाराविषयी बोलताना वकील या निकालाचा दाखला देतात. गावागावांत मात्र पन्नास वर्षं निकाल वेगळाच सांगितला जातो.

कोर्टानं सोडलं म्हणजे माणूस निष्पाप, असं मी म्हणत नाही. ‘सिद्ध झालं नाही’ आणि ‘घडलं नाही’ यांत अंतर आहे. त्या अंतरातच खरी कादंबरी असते, आणि पडद्याला ते अंतर सहन होत नाही. प्रेक्षकाला चेहरा हवा असतो. तो मिळाला की आपण निश्चिंत होतो. दुष्काळ, अडाणीपणा, पोटी मूल नसल्याचं दुःख, धनाची आशा हे सगळं मागे राहतं. नरबळी आणि अघोरी प्रथांविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात झाला तो २०१३ साली, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यानंतर. मानवतनंतर चाळीस वर्षांनी! मालिकेतला खलनायक पकडला म्हणून ती प्रथा पकडली गेली नव्हती.

याच्या उलट टोकाला २०२० साली झी मराठीवर आलेलं ‘देवमाणूस’. गावातला गोड बोलणारा डॉक्टर आणि त्याचे खून. २०१६ साली वाई तालुक्यात उघडकीस आलेल्या प्रकरणाशी तिची सांगड घातली गेली. मालिका इतकी गाजली की दुसरा भाग आला. खुनी घराघरांत लाडका झाला. त्यानं मारलेल्या बायकांपैकी किती जणींचं नाव आज कुणाला आठवतं?

मला अलीकडच्या काळात सर्वांत समाधान दिलं ते २०२०च्याच ‘स्कॅम १९९२’नं. कारण तिच्यात पिस्तूल नाही, कागद आहे. मागे रोखेच नाहीत अशी बँक रिसीट एका बँकेकडून दुसरीकडे कशी फिरते, हे हंसल मेहता यांनी थरारक करून दाखवलं. आयुष्यभर व्हाउचरवर सह्या केलेल्या माझ्यासारख्याला ठाऊक आहे, की व्हाउचरशिवाय नोंद होत नसते. गुन्हेकथेलाही हाच नियम लावावा.

आमच्या क्रांती चौकाच्या नावात काळ्या चबुतऱ्याची आठवण आहे. १८५७च्या बंडातल्या शिपायांना इथे मृत्युदंड दिला गेला, असं शहर सांगतं. तेव्हाच्या सरकारदप्तरी ते गुन्हेगार होते. आज आपण त्यांना क्रांतिकारक म्हणतो. गुन्हेगार ठरवणारा कोण आणि कशाच्या आधारावर ठरवतो, हा प्रश्न या चौकाला नवा नाही. आणि इथून जालना रोडनं सरळ गेलं, की तोच प्रश्न रोज विचारणारं हायकोर्टाचं खंडपीठ आहे.

तेव्हा पुढच्या वेळी घरात खून पाहायला बसाल, तेव्हा मुलांसमोर तीन प्रश्न जरूर विचारा. गेलेल्या माणसाचं नाव काय होतं? हे सिद्ध कशावरून झालं? आणि खुनी सापडल्यानंतर गावात काय बदललं? ज्या मालिकेत या तिन्हींची उत्तरं मिळतात, ती चांगली. ज्यात एकाचंही मिळत नाही, ती बंद करून मुलांना झोपायला पाठवलंत, तरी काही बिघडणार नाही.