मिदोरीची तीन व्हायोलिनं

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात टँगलवुड नावाचं ठिकाण आहे. दर उन्हाळ्यात तिथे मोठा संगीतमहोत्सव भरतो. २६ जुलै १९८६ रोजी तिथल्या मंचावर चौदा वर्षांची एक जपानी मुलगी व्हायोलिन घेऊन उभी होती. तिचं नाव मिदोरी. साथीला बॉस्टन सिंफनी हा नामांकित वाद्यवृंद होता. वाजवायची होती 'सेरेनेड' ही लेनर्ड बर्नस्टाइन यांची रचना, आणि संचालन करायला खुद्द बर्नस्टाइनच!

शेवटचा, पाचवा भाग ऐन रंगात आला आणि फट्! सगळ्यात बारीक तार तुटली.

मिदोरीनं काय केलं असेल? शेजारीच बसलेल्या मुख्य व्हायोलिनवादकांना तिनं आपलं व्हायोलिन दिलं, त्यांचं घेतलं आणि वाजवू लागली. थोड्याच वेळात त्याचीही तीच तार तुटली! मग तिनं सहायक मुख्य वादकांचं व्हायोलिन घेतलं आणि रचना शेवटपर्यंत नेली. बर्नस्टाइननी तिला मिठीच मारली. दोन दिवसांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर ही बातमी होती.

तीच तार का तुटावी? व्हायोलिनला चार तारा असतात. त्यांतली सगळ्यात उंच सुराची तार पोलादी आणि जेमतेम पाव मिलिमीटर जाड असते. गज फिरला की ती सेकंदाला साधारण ६५९ वेळा थरथरते. त्यासाठी ती इतकी ताणावी लागते, की तिच्यावर सात-आठ किलोंचा भार असतो. एवढ्याशा तारेला आठ किलो! शिवाय घोडीवरून, म्हणजे तारा ज्या लाकडी पट्टीवर टेकतात तिच्यावरून, जाताना ती वाकते आणि तिथे झिजते. त्यामुळे ती कधीतरी तुटणारच, त्यात वादकाची चूक नसते.

मला खरं नवल वाटतं ते पुढचं. सतारीला पडदे असतात, पेटीला पट्ट्या असतात. व्हायोलिनवर बोट कुठे ठेवायचं याची एकही खूण नसते. समजा, मोकळी तार म्हणजे 'सा'. तर कोमल 'रे'साठी बोट तारेच्या वरच्या टोकापासून सुमारे १८ मिलिमीटर अंतरावर ठेवावं लागतं. एक सप्तक वर गेलात, की तेच 'सा' ते कोमल 'रे' अंतर ९ मिलिमीटर उरतं. आणखी एक सप्तक वर गेलात, तर फक्त साडेचार! पट्टी घेऊन बोटाशेजारी धरा पाहू. साडेचार मिलिमीटरमध्ये तुमचं बोटसुद्धा पुरतं मावत नाही.

आता ही मापं प्रत्येक व्हायोलिनवर किंचित बदलतात. मान कमी-जास्त जाड असते, हनुवटीची जागा वेगळी असते. आणि मिदोरीनं चालू रचनेत, जलद लयीत, दोनदा वाद्य बदललं! बोटांना मापं पाठ होती, म्हणून जमलं का? मला नाही तसं वाटत. जमलं ते कानामुळे. सूर केसभर जरी सरकला, तरी कान लगेच ओळखतो आणि बोट तिथल्या तिथे सरकतं. बघणाऱ्याला काही कळतही नाही.

हा कान कुठून आला? मिदोरी गोतोचा जन्म १९७१ साली ओसाकात झाला. आई सेत्सु व्हायोलिन वाजवायची. मिदोरी दोन वर्षांची असताना बाखची एक धून गुणगुणू लागली. आई काही दिवसांपूर्वी तीच धून घोटत होती, आणि या बाईसाहेबांनी ती कधीच टिपून घेतली होती! तिसऱ्या वर्षी हातात इवलंसं व्हायोलिन आलं. पहिली गुरू अर्थातच आई.

१९८२ साली मायलेकी न्यूयॉर्कला आल्या. त्याच वर्षी, अकरा वर्षांच्या मिदोरीला न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर वाजवण्याची संधी मिळाली. ती दिली झुबिन मेहतांनी, म्हणजे आपल्या मुंबईत जन्मलेल्या संगीत संचालकांनी. त्यांचे वडील मेहली मेहताही व्हायोलिनवादक, बरं का! मुंबईत सिंफनी वाद्यवृंद उभारला तो त्यांनीच.

पुढे मिदोरी जगभर वाजवत राहिली. वाजवता वाजवता तिनं विद्यापीठात मानसशास्त्रही शिकून घेतलं. मला सगळ्यात आवडतं ते तिचं १९९२ सालचं काम. विशीत असतानाच तिनं न्यूयॉर्कमध्ये एक संस्था काढली. ज्या शाळांत संगीताचे तास होत नाहीत, तिथल्या मुलांपर्यंत ही संस्था वाद्यं आणि शिक्षक पोचवते.