बाळाची खोली आणि थंडाव्याचे यंत्र

वैशाख लागला की बडोद्यातील माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. सून विचारते, "डॉक्टर, बाळाला एसीत ठेवलं तर चालेल ना?" आणि शेजारी बसलेल्या आजी मानेनेच नकार देतात. आजींची भीती अगदीच निराधार नाही. परंतु आपल्या गुजरातेत धोका दुसऱ्या बाजूनेही असतो. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला, तेव्हा तेथील एका सार्वजनिक रुग्णालयात उष्म्याने तापलेली नवजात बालके अतिदक्षता विभागात दाखल होऊ लागली. प्रसूतिकक्ष वरच्या मजल्यावर होता. खालच्या मजल्यावरील कक्षात हा त्रास पुष्कळच कमी आढळला, असे पुढे प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदले आहे. गच्चीखालच्या खोलीत बाळंतिणीची खाट टाकणाऱ्यांनी याचा विचार करावा.

जुन्या वाड्यांत वा भाड्याच्या घरांत भिंतीला भोक पाडण्याची सोय नसते. मग उरतात दोनच पर्याय : खिडकीतले यंत्र आणि चाकांवरचे, म्हणजे पोर्टेबल. दुसरे दिसायला सुटसुटीत; पण माझे मत त्याच्या विरुद्ध आहे. एका नळीचे पोर्टेबल यंत्र खोलीतलीच हवा घेऊन, तापवून, बाहेर फेकते. तेवढीच हवा दाराखिडक्यांच्या फटींतून आत शिरते, आणि ती असते बाहेरची, तापलेली! शिवाय नळी खोलीतच तापते आणि कॉम्प्रेसरची घरघर बाळाच्या उशाशी. खिडकीच बसवता येत नसेल तरच ते घ्यावे. तेही शक्यतो दोन नळ्यांचे.

क्षमतेचा 'टन' म्हणजे यंत्राचे वजन नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो, त्या वेगाचे हे माप; तासाला १२,००० बीटीयू. साधारण १२० चौरस फुटांच्या खोलीस एक टन पुरते. वर गच्ची आणि पश्चिमेचे ऊन असेल तर दीड घ्यावे.

बसवताना घाई नको. यंत्राचे वजन पन्नास किलोच्या आसपास असते. ते जुन्या लाकडी चौकटीवर नव्हे, भिंतीत पक्क्या केलेल्या लोखंडी कंसांवर तोलले जावे. बाहेरच्या बाजूस किंचित उतार द्यावा, म्हणजे पाणी खोलीत झिरपत नाही. फटी फोमने बुजवाव्यात. वीजजोडणी स्वतंत्र तारेने, १६ अँपिअरच्या सॉकेटवर, अर्थिंग तपासूनच करावी; एक्स्टेन्शन बोर्ड मुळीच नको. आणि खाली स्टूल वा पलंग ठेवू नये. चढायला शिकलेले दीड वर्षाचे मूल ती खिडकी गाठतेच.

तापमान २६ अंशांच्या आसपास असावे. हवेचा झोत पाळण्यावर येऊ नये. आजींना मी एक परीक्षा शिकवतो. बाळाच्या पोटाला आणि तळपायाला हात लावून पाहा. पोट उबदार पण पाय गार असतील, तर यंत्र कमी करा, टोपी-मोजे घाला. दोन्ही गरम आणि चेहरा लाल असेल, तर दुपटी काढा आणि अंगावर पाजा. तरीही ताप उतरत नसेल वा बाळ मलूल वाटत असेल, तर तत्काळ दवाखान्यात आणा. जाळी पंधरा दिवसांनी धुवावी. दम्याच्या मुलांच्या घरी तर आठवड्याने.

आणि टपकणाऱ्या पाण्याखालची बादली रोज रिकामी करावी. डेंग्यूच्या डासाला तेवढे स्वच्छ पाणी पुरते.