डिझेल समावेशके

डिझेल समावेशके, म्हणजेच व्यवहारातील अ‍ॅडिटिव्ह, ही डिझेलचे गुणधर्म सुधारण्यासाठी त्यात अल्प प्रमाणात मिसळली जाणारी रासायनिक द्रव्ये होत. आवश्यक समावेशके इंधन पंपावर पोहोचण्यापूर्वीच त्यात मिसळलेली असतात. वाहनाच्या टाकीत ओतण्यासाठी बाटलीतून विकली जाणारी द्रव्ये हा या विषयाचा लहान, पण अधिक वादग्रस्त भाग आहे.

भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांमुळे डिझेलमधील गंधकाची मर्यादा दर दहा लाख भागांत ५० वरून १० वर आली. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत इंधनाला नैसर्गिक वंगणगुण देणारी संयुगेही नष्ट होतात. ट्रकच्या कॉमन रेल इंजिनातील उच्चदाब पंप बहुधा डिझेलनेच वंगित होतो आणि दाब २,००० बारच्या आसपास जाऊ शकतो. म्हणून मेदाम्ले किंवा त्यांची एस्टरे मिसळून ही उणीव भरून काढतात. चाचणीत डिझेलमध्ये बुडवलेल्या पट्टीवर पोलादी गोळी ६० अंश सेल्सिअसला घासली जाते. गोळीवरील झिजेचा व्रण ४६० मायक्रोमीटरपेक्षा मोठा असू नये, अशी अट आहे.

प्रज्वलन लवकर व्हावे म्हणून २-एथिलहेक्झिल नायट्रेट वापरतात. मात्र या डिझेलचा सीटेन अंक मुळातच किमान ५१ असतो. त्यामुळे बाटलीतील द्रव्याने मायलेज लक्षणीय वाढल्याचे दावे सावधपणे घ्यावे लागतात.

थंडीत डिझेलमधील मेणाचे स्फटिक गाळणी तुंबवतात. प्रवाहवर्धके मेण गोठण्यापूर्वी मिसळली तरच उपयोगी पडतात. लडाखमध्ये वाहनचालक डिझेल पातळ ठेवण्यासाठी त्यात रॉकेल मिसळत. त्याने वंगणगुण आणखी घटतो. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये तेथे उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल उपलब्ध केले.

जुन्या इंजिनांत चालून गेलेले प्रयोग नव्या ट्रकमध्ये महाग पडतात. वापरलेले इंजिन ऑइल किंवा धातुयुक्त द्रव्य डिझेलमध्ये मिसळल्यास तयार होणारी राख काजळीप्रमाणे जळून जात नाही. ती धूरनळीतील काजळी गाळणीत साठत राहते. त्यामुळे राखविरहित समावेशकेच वापरावीत, तीही इंजिन उत्पादकाने मान्य केलेली.

ट्रकमध्ये भरले जाणारे डीईएफ हे डिझेल समावेशक नव्हे. ते ३२.५ टक्के युरियाचे पाण्यातील द्रावण असून स्वतंत्र टाकीतून धूरनळीत फवारले जाते. चुकून ते डिझेलच्या टाकीत गेल्यास इंजिन सुरू न करता टाकी रिकामी करावी लागते, कारण पाणी आणि युरियाचे स्फटिक पंप व इंजेक्टर निकामी करतात.