विश्लेषण : अंदमानची सहल... आधी डोंगर की आधी समुद्र?

तुळशीचे लग्न लागले की गंगापूर तालुक्यात लग्नसराई सुरू होते. कापसाचे आणि उसाचे पैसे हातात आले की नवविवाहित जोडपी फिरायला जाण्याचे बेत आखतात. पूर्वी हे बेत महाबळेश्वर किंवा गोव्यापर्यंत जात. आता त्यात अंदमानचे नाव हमखास असते. पांढरी वाळू, निळे पाणी आणि सोबत डोंगर चढण्याची हौस, हे सगळे तिथे एकाच सहलीत भागते. परदेश नसल्याने पासपोर्ट लागत नाही आणि व्हिसाचीही कटकट नाही. मात्र नाथसागराच्या काठावर वाढलेल्या माणसाला समुद्राची रीत ठाऊक नसते. देवगिरीच्या पायऱ्या चढलेल्याला दमट जंगलातला चढ ठाऊक नसतो. त्यामुळे सहलीत काय करायचे याइतकेच ते कोणत्या क्रमाने करायचे, हेही आधी ठरवावे लागते.

बेटावर डोंगर कसा?

अंदमान-निकोबार ही समुद्रात बुडालेल्या पर्वतरांगेची वर उरलेली शिखरे आहेत. म्यानमारमधील आराकान योमा ही डोंगररांग दक्षिणेकडे समुद्राखाली उतरते आणि तिचीच टोके बेटांच्या रूपाने वर दिसतात. त्यामुळे इथे किनाऱ्याला लागूनच चढ सुरू होतो. उत्तर अंदमानातील दिगलीपूरजवळचे सॅडल पीक हे या द्वीपसमूहातील सर्वोच्च शिखर असून त्याची उंची ७३२ मीटर आहे. श्री विजयपुरमजवळचा (जुने पोर्ट ब्लेअर) माउंट मणिपूर हा डोंगर त्याच्या जवळपास निम्म्या उंचीचा आहे. त्याचे जुने नाव माउंट हॅरिएट. १८९१ च्या इंग्रज-मणिपूर युद्धानंतर मणिपूरच्या राजघराण्यातील लढवय्यांना इथे हद्दपार केले होते. त्यांच्या स्मरणार्थ २०२१ मध्ये हे नामांतर झाले. विसाच्या जुन्या लालसर नोटेमागचे समुद्राचे चित्र याच डोंगरावरून दिसते.

७३२ मीटर म्हणजे किती अवघड?

आकडा ऐकून अनेकांची फसगत होते. कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे, पण तिच्या पायथ्याचे बारी गावच बऱ्याच उंचीवर वसलेले आहे. सॅडल पीकची वाट मात्र समुद्राच्या पातळीवरून सुरू होते, म्हणजे सगळे ७३२ मीटर स्वतःच्या पायांनीच चढावे लागतात. एका बाजूची वाट सुमारे आठ किलोमीटरची आहे. सुरुवातीचा टप्पा किनाऱ्यालगत जातो आणि पुढे दाट जंगलातून उभा चढ लागतो. हे राष्ट्रीय उद्यान असल्याने वन विभागाची परवानगी घ्यावी लागते. वाटाड्या सोबत असावा.

दुसरी अडचण हवेची. गंगापूरचा उन्हाळा कडक असला तरी कोरडा असतो. घाम लगेच सुकतो आणि अंग थंड होते. अंदमानच्या दमट हवेत घाम सुकतच नाही, नुसता वाहतो. त्यासोबत पाणी आणि क्षार जातात, पण शरीराला थंडावा मिळत नाही. म्हणून चालणाऱ्याने सोबत भरपूर पाणी आणि ओआरएसची पाकिटे ठेवावीत. चक्कर येणे, मळमळणे, पायात गोळे येणे ही लक्षणे दिसली की तिथूनच परत फिरावे.

संध्याकाळी पाचला अंधार का?

भारताचे घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर चालते. गंगापूर साधारण ७५ अंशांवर आहे, तर श्री विजयपुरम साधारण ९२.७ अंशांवर. एका रेखांशाला चार मिनिटे, या हिशेबाने तिथे सूर्य गंगापूरच्या सुमारे ७० मिनिटे आधी डोक्यावर येतो. घड्याळ मात्र दोन्हीकडे तेच. त्यामुळे डिसेंबरात तिथे सायंकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि जंगलात त्याही आधी अंधारते. घरच्या सवयीने नाश्ता करून नऊला चढाई सुरू केली, तर उतरताना वाटेतच रात्र होते. सॅडल पीकसाठी उजाडतानाच निघायला हवे. दुपारपर्यंत माथा आला नाही, तर तो सोडून द्यावा.

भरती-ओहोटीचा हिशेब कसा?

दिगलीपूरजवळ रॉस आणि स्मिथ ही जोडबेटे आहेत. ओहोटीला त्यांच्यामध्ये वाळूचा पट्टा उघडा पडतो आणि एका बेटावरून दुसऱ्या बेटावर चालत जाता येते. भरतीला तोच पट्टा पाण्याखाली जातो. दिवसात दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते आणि रोज तिची वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तेव्हा पाणी जास्त चढते आणि जास्त उतरते. अष्टमीच्या आसपास हा फरक कमी असतो. कोकणात तिथीवरून भरतीची वेळ काढतात, पण तो हिशेब अंदमानला लागू पडत नाही. तिथले वेळापत्रक वेगळे असते. ते आदल्या दिवशी बोटवाल्याला किंवा हॉटेलात विचारावे.

शांत दिसणारे पाणी धोक्याचे का?

लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात. ते पाणी एखाद्या खोलगट जागेतून जोराने समुद्रात परत जाते. यालाच रिप करंट म्हणतात. अशा जागी लाटा कमी फुटतात आणि पाणी गडद, संथ दिसते. समुद्राची सवय नसलेला माणूस नेमकी तीच जागा सुरक्षित समजून पाण्यात उतरतो. प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये, दम तुटतो. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर यावे आणि मगच किनारा गाठावा. पोहता येत नसेल तर तरंगत राहून हात वर करावा. साथीदाराने वाचवण्यासाठी थेट उडी मारू नये. तरंगणारी वस्तू फेकून जीवरक्षकाला बोलवावे.

दुसरा धोका खाऱ्या पाण्यातील मगरींचा. त्या खाडी आणि कांदळवनात राहतात, पण समुद्रातूनही पोहतात. २०१० मध्ये हॅवलॉकच्या (आता स्वराज द्वीप) राधानगर किनाऱ्याजवळ एका अमेरिकन पर्यटक महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. म्हणून मगरीच्या सूचनेचा फलक असलेल्या ठिकाणी, खाडीच्या मुखाशी आणि सूर्यास्तानंतर पाण्यात उतरू नये.

आधी डाइव्ह की आधी डोंगर?

हा मुद्दा बहुतेक जोडप्यांच्या लक्षातच येत नाही. स्कूबा डायव्हिंगमध्ये खोल पाण्यात दाबाखाली हवा श्वासात घेतली जाते. त्या हवेतील नायट्रोजन शरीरात विरघळतो आणि वर आल्यावर हळूहळू बाहेर पडतो. तो पुरता बाहेर पडण्याआधीच माणूस कमी दाबाच्या उंचीवर गेला, तर शरीरात बुडबुडे तयार होतात. सोड्याची बाटली उघडल्यावर जे घडते, तसेच हे असते. सांधेदुखी, बधिरपणा, क्वचित लकवा इथपर्यंत हा त्रास जाऊ शकतो.

डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेच्या सूचनेनुसार एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर किमान १८ तास विमानात बसू नये. ही सूचना २००० फुटांवरील उंचीसाठी आहे. सॅडल पीक ७३२ मीटर, म्हणजे सुमारे २४०० फूट आहे. त्यामुळे सकाळी डाइव्ह आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चढाई हा बेत टाळावा. आधी डोंगर, मग डाइव्ह, त्यानंतर एक मोकळा दिवस आणि मग विमान, हा क्रम सुरक्षित ठरतो. दमा, हृदयविकार किंवा सर्दीने कान बंद असतील, तर डाइव्हच्या आधी ते न लपवता प्रशिक्षकाला सांगावे. गर्भवती महिलेने डाइव्ह करू नये.

मोकळा दिवस का ठेवावा?

डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवामानामुळे हॅवलॉक आणि नील (आता शहीद द्वीप) बेटांवर सुमारे १४०० पर्यटक अडकले होते. त्यांना बाहेर काढण्यासाठी नौदलाला जावे लागले. समुद्र खवळला की फेरी बंद होते आणि बेटावरून निघायला दुसरा रस्ता नसतो. त्यामुळे परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी मुख्य बेटावर मुक्कामी असणे हाच विमा. बोटीत जीवरक्षक जॅकेट असल्याशिवाय बसू नये आणि बोट खचाखच भरली असेल तर उतरावे. २६ जानेवारी २०१४ रोजी पोर्ट ब्लेअरजवळ क्षमतेपेक्षा जास्त माणसे भरलेली पर्यटक बोट बुडून किमान २१ जणांचा जीव गेला होता.

किनाऱ्यावर असताना जमीन जोरात हादरली किंवा समुद्र अचानक मागे हटला, तर कोणाच्या सूचनेची वाट न पाहता उंचावर जावे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने या बेटांना दिलेला हा धडा आहे.

नियम कोणते?

मुख्य पर्यटनस्थळांसाठी भारतीयांना परवाना लागत नाही. आदिवासींची राखीव क्षेत्रे मात्र १९५६ च्या संरक्षण विनियमाखाली येतात. दिगलीपूरचा रस्ता जारवा जमातीच्या राखीव जंगलातून जातो. तिथे वाहने पोलिसांच्या देखरेखीत ठरलेल्या वेळी ताफ्यानेच सोडतात. मध्ये थांबणे, फोटो काढणे, खाऊ देणे गुन्हा आहे. बाहेरच्या माणसाचे साधे आजारही अशा जमातींना झेपत नाहीत, हे त्यामागचे कारण. नॉर्थ सेंटिनल बेटाकडे तर जायचेच नाही. किनाऱ्यावरचे प्रवाळ आठवण म्हणून पिशवीत घालणेही महागात पडते. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असून विमानतळावर सामान तपासले जाते.

गंगापूरहून बेत कसा आखावा?

तालुक्यातून समृद्धी महामार्गाने किंवा लासूर स्टेशनहून रेल्वेने मुंबई गाठता येते. तिथून पुढे विमान वीर सावरकर विमानतळावर उतरते. हाताशी नऊ दिवस असतील तर पहिला दिवस सेल्युलर जेलसाठी ठेवावा. विनायक दामोदर सावरकर १९११ मध्ये इथे आणले गेले आणि त्यांचे बंधू बाबारावही इथेच कैदेत होते. त्याआधी, १८५७ मध्ये हैदराबादच्या रेसिडेन्सीवर हल्ला करणारे मौलवी अल्लाउद्दीन यांनाही अंदमानची शिक्षा झाली होती. गंगापूर तेव्हा निजामाच्याच राज्यात होते. म्हणजे ‘काळे पाणी’ हा शब्द या भागाला नवा नाही.

त्यानंतर दिगलीपूर. रस्ता सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास असल्याने जाण्यात एक पूर्ण दिवस जातो आणि येण्यात दुसरा. मधल्या दोन दिवसांत ओहोटी पाहून जोडबेटे आणि पहाटे निघून सॅडल पीक. परतल्यावर स्वराज द्वीपला दोन मुक्काम, तिथेच डाइव्ह. आठव्या दिवशी श्री विजयपुरमला परत आणि नवव्या दिवशी विमान. पाचच दिवस असतील तर दिगलीपूरचा मोह सोडावा. चॅथमहून फेरीने बांबू फ्लॅटला उतरून माउंट मणिपूर गाठावा. जंगल आणि चढाई दोन्ही तिथेही मिळतात.

जोडप्यातील एकाला डोंगर आवडतो आणि दुसऱ्याला पाण्याची भीती वाटते, असे अनेकदा असते. हौसेपोटी किंवा फोटोसाठी दुसऱ्याला ओढत नेल्यावरच बहुतेक प्रसंग ओढवतात. कोण कुठपर्यंत येणार आणि कोणी ‘आता परत फिरू’ म्हटले की दोघांनीही फिरायचे, हे तिकीट काढण्याआधी घरीच ठरवलेले बरे.