कापडवाल्याच्या हाती करवत

जिंतूरला आमचे कापडाचे दुकान आहे. वरच्या फळीवरचे ठाण काढायचे तर स्टूल हवेच. बाजारातून आणलेले स्टूल नुसत्या खिळ्यांवर उभे होते. ऐन दिवाळीच्या गर्दीत नोकर मुलगा ठाणासकट खाली आला, त्याचे मनगट मोडले. दीड महिना तो घरी बसला. पगार आम्ही दिला, पण त्याच्या आईसमोर उभे राहणे जड गेले. तेव्हा ठरविले, पुढचे स्टूल आपणच करायचे.

मोहल्ल्यातील एका वयस्कर मिस्त्रींकडे दर शुक्रवारी दुपारी बसू लागलो. आधी त्यांनी हिशेब शिकविला. लाकूड घनफुटावर विकले जाते. एका घनफुटात १७२८ घनइंच. दीड इंच चौरस आणि १८ इंच उंच असे चार पाय, ११ इंचांच्या आठ पट्ट्या, वर १३ इंच चौरस फळी. सगळे मिळून सुमारे ५३० घनइंच, म्हणजे एक तृतीयांश घनफुटाच्याही आत. मात्र करवत आणि रंधा आपला वाटा खातातच, तेवढे जास्त घ्यावे. बैलगाडीची बाभूळ मजबूत खरी, पण शिकाऊ हाताला फार कठीण. म्हणून सागवान घेतले.

खरी मेहनत सांध्यात आहे. पट्टीच्या टोकाला तिच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याइतके कुसू ठेवायचे आणि पायात पटाशीने तेवढेच भोक पाडायचे. माझी पहिली दोन भोके सैल झाली, एक पाय वाया गेला. कापडात चूक झाली तर कटपीस म्हणून खपते, इथे सरळ चुलीत.

आणखी एक गोष्ट आम्हा कापडवाल्यांना उलटी वाटेल. सुती कापड धुतल्यावर लांबीत जास्त आटते. लाकूड लांबीत जवळजवळ आटतच नाही, रुंदीत आटते. पावसाळ्यात फुगते, वैशाखात आकसते. ओले लाकूड स्वस्त मिळाले म्हणून घेतले तर उन्हाळ्यात सांधे ढिले झालेच समजा.

जोडल्यावर स्टूल डगमगत होते. मिस्त्रींनी ते सपाट शहाबादी फरशीवर ठेवले, आखूड पायाखाली पाचर सारून डगमग थांबविली, मग एका ठोकळ्यावर पेन्सिल टेकवून चारही पायांवर सारख्या उंचीची रेघ ओढली. त्या रेघेवर कापले.

सहा शुक्रवार लागले. मजुरी धरली तर परवडत नाही, हे व्यापारी म्हणून कबूल करतो. नोकर मुलगा आता त्यावर चढतो, पण आधी एकदा हलवून बघतो.