तुटलेल्या बोटाचे देणे

एखाद्या लहान कारखान्यात पॉवर प्रेसखाली मजुराचे बोट सापडून तुटले म्हणजे पुढे काय घडते, हे आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. मालक स्वतः गाडी काढतो, ओळखीच्या डॉक्टरांकडून टाके घालवितो, औषधपाण्याचे बिल भागवितो, आणि महिन्याभराची मजुरी हातावर ठेवून एका कागदावर सही घेतो. ‘सर्व रक्कम पोहोचली, माझी काही तक्रार नाही,’ असा त्या कागदाचा मजकूर असतो. हे सर्व तो दयाबुद्धीने करितो, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्याच्या दयेचा येथे प्रश्नच नाही. कायद्याने जे देणे आहे ते दान म्हणून दिले, म्हणजे देणारा पुण्यवान ठरतो, घेणारा याचक ठरतो, आणि खरे देणे मात्र तसेच राहून जाते.

हे देणे किती, ते एकदा आकड्यांनीच पाहू. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने अवयवागणिक कमाईच्या शक्तीचा ऱ्हास ठरवून दिला: तर्जनी समूळ गेली तर १४ टक्के, अंगठा गेला तर ३०, एका हाताची चारही बोटे गेली तर ५०. आता दरमहा १०,००० रुपये मिळविणारा, ३० वर्षे वयाचा एक मजूर घ्या. तो कायमचा पूर्ण अपंग झाला असता तर मजुरीचे ६० टक्के घेऊन त्यांस वयाप्रमाणे ठरलेल्या २०७.९८ ह्या अंकाने गुणावयाचे, म्हणजे १२,४७,८८० रुपये होतात. त्याचे १४ टक्के म्हणजे सुमारे पावणेदोन लाख. ही त्या एका तर्जनीची भरपाई, आणि कागदावर सही घेऊन ती मिटविली जाते महिन्याच्या मजुरीत! शिवाय कायद्याने मिळणारी भरपाई सोडून देण्याचा असला करार कायद्याच्या दृष्टीने रद्दबातलच आहे. मजूर दगावला असेल, तर त्याच्या विधवेस परस्पर दिलेली रक्कमही भरपाईत धरली जात नाही. ती अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते.

कोणी म्हणेल, मजुराने हलगर्जीपणा केला त्याचा भुर्दंड मालकाने का सोसावा? ह्या युक्तिवादाला मोठा इतिहास आहे. सोबत्याच्या चुकीने नोकरास इजा झाली तर धनी जबाबदार नाही, असा दंडक इंग्लंडातील न्यायालयांनी १८३७ च्या एका खटल्यापासून चालू केला, आणि त्यापायी हजारो लोक रिकाम्या हातांनी परतले. १९२३ च्या कायद्याने तो वाद बाजूस सारिला. इजा कामामुळे व काम चालू असता झाली एवढे पुरे. चूक कोणाची हे पाहावयाचे नाही. दारूच्या अंमलाखाली असणे, बुद्ध्या हुकूम मोडणे, किंवा संरक्षणाची जाळी मुद्दाम काढून टाकणे हे अपवाद खरे, पण मजूर मेला किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला तर तेही चालत नाहीत. व्यापाऱ्यास ही गोष्ट परकी वाटू नये. यंत्राचा घसारा यंत्राच्या चुकीवर अवलंबून नसतो. तो धंद्याचा खर्च म्हणून खातेवहीत पडतो. मग यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाचाच घसारा त्याच्या घरावर का पडावा?

ह्या बाबतीत आम्हां राष्ट्रीय म्हणविणाऱ्या वृत्तपत्रकारांचा पूर्वेतिहास फारसा उजळ नाही, हे कबूल केले पाहिजे. १८८१ चा फॅक्टरी कायदा आला तेव्हा, हे लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचे कारस्थान आहे म्हणून आमच्यापैकी बहुतेकांनी ओरड केली. संशय निराधार नव्हता. पण त्या भरात खुद्द गिरणीतला माणूस काय म्हणतो ते ऐकावयाचे राहून गेले. ते ऐकिले ‘दीनबंधु’कार नारायण मेघाजी लोखंडे यांनी. सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईस कामगारांच्या सभा भरल्या, आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, वेळेवर पगार ह्या मागण्यांबरोबरच त्यात एक कलम असे होते की, कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पुरी मजुरी मिळावी, आणि जन्माचा अधू झाल्यास त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी. कायदा अमलात आला १ जुलै १९२४ रोजी. मधली चाळीस वर्षे कशी गेली असतील, ह्याचा हिशेब कोणत्याच दप्तरात नाही.

स्वराज्यात हा कायदा वाढत गेला, आणि त्याची तत्त्वे आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतली आहेत. न्यायालयांनीही त्याचा अर्थ उदारपणे लाविला. ओरिसात एका चित्रपटगृहात काम करिताना एक सुतार पडला व त्याचा डावा हात कापावा लागला. परिशिष्टाप्रमाणे हानी पूर्ण भरत नव्हती. पण सुतारकी एका हाताने होत नाही, म्हणून ह्या माणसापुरते अपंगत्व पूर्णच होय, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली कायम केला; आणि भरपाईचे देणे अपघाताच्या दिवशीच उत्पन्न होते, निवाड्याच्या दिवशी नव्हे, असेही सांगितले.

तरीही भरपाई बुडते, आणि ती बहुधा कायद्याच्या उणिवेने बुडत नाही. मजुराचे नाव हजेरीपटावर नसते. मजुरी रोख व बिनपावतीची असते. मग तो आमच्याकडे नव्हताच, किंवा तो ठेकेदाराचा माणूस होता, असे उत्तर येते. ठेकेदाराकडून आपल्याच धंद्याचे काम करून घेतले असता मूळ मालकही बांधला जातो, हे पुष्कळांस ठाऊक नसते. ज्या कारखान्यांस कर्मचारी राज्य विमा लागू आहे, तेथे नाव नोंदलेल्या मजुराची भरपाई महामंडळ देते व मालक त्या बोज्यातून सुटतो. पण कित्येक ठिकाणी नाव नोंदविण्याची आठवण होते ती अपघात झाल्यावर!

दहाहून कमी माणसे राबविणाऱ्या दुकानदारास व कारखानदारास बहुधा ही सोय नाही, त्याची जबाबदारी मात्र पुरी आहे. एखादा मृत्यू ओढवला तर त्याचे सारे भांडवल एका निवाड्यात जाऊ शकते. ह्यासाठी विमा कंपन्या कामगार भरपाईची पॉलिसी देतात. गोदामाचा आगीचा विमा आमचे वाचक वर्षाच्या वर्षास न चुकता भरतात. पुढल्या खेपेस एजंट हप्ता न्यावयास आला म्हणजे गोदामात राबणाऱ्या माणसांचाही दर त्यास विचारावा, आणि त्यापूर्वी त्यांची नावे व खरी मजुरी वहीत उतरवून ठेवावी.