आमवाताच्या रुग्णांनी साखर का तपासावी?

सांधे सुजल्याची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाला मी रक्तातली साखर तपासून यायला सांगितले, की एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, दुखतात माझे सांधे, साखरेचा इथे काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. घरात कोणाला मधुमेह नाही, गोड फारसे खाण्यात नाही, मग ही तपासणी कशाला, असे कोणालाही वाटेल. पण संबंध आहे, आणि तो चांगलाच जवळचा आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडे सगळ्याच सांधेदुखीला 'वात' म्हणण्याची रीत आहे. उतारवयात गुडघे झिजतात तो आजार वेगळा. मी लिहितो आहे तो आमवाताविषयी, म्हणजे ज्याला डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात त्याविषयी. यात हाताची बोटे, मनगटे, पायाचे पंजे असे लहान सांधे दोन्ही बाजूंना सुजतात आणि सकाळी उठल्यावर तासतासभर आखडलेले राहतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा आजार दोन ते तीन पट अधिक आढळतो. शरीराची जी संरक्षणव्यवस्था जंतूंशी लढायची, तीच आपल्या सांध्यांवर उलटते, हे त्याचे मूळ.

दाह फक्त सांध्यात राहत नाही

सांध्यात सूज आली की तिथून काही रासायनिक द्रव्ये रक्तात उतरतात आणि सर्व शरीरभर फिरतात. स्नायू आणि यकृत यांच्यावर इन्शुलिनचा जो अंमल चालतो, तो ही द्रव्ये ढिला करतात. इन्शुलिन हे आपल्या स्वादुपिंडात तयार होणारे संप्रेरक. रक्तातली साखर पेशींत पोहोचवणे हे त्याचे काम. दाह असताना इन्शुलिन तयार होते, पण पेशी त्याला दाद देत नाहीत. मग स्वादुपिंड अधिकाधिक इन्शुलिन सोडू लागते. काही वर्षे हे निभते. पुढे ते थकले की साखर वाढू लागते.

त्यात दुखण्यामुळे हालचाल कमी होते, स्नायू बारीक होतात. जेवणानंतरची बरीचशी साखर स्नायूच वापरतात. स्नायू रोडावले की साखरेला जाण्यासाठी जागाच उरत नाही. काही रुग्णांचे वजन वाढलेले दिसत नाही, कारण स्नायू घटतात आणि त्या जागी चरबी येते. म्हणून "मी तर बारीक आहे" या समजुतीवर विसंबू नये.

गुणकारी, पण दुधारी औषध

आपल्या मूत्रपिंडांच्या वर दोन लहान ग्रंथी असतात. त्यांतून कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक पाझरते. ते पहाटे आणि सकाळी जास्त असते, रात्री कमी होते. सूज आवरणे आणि उपाशीपणी साखर टिकवून धरणे, ही दोन्ही कामे ते करते. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी याच जातीचे कॉर्टिसोन आमवाताने जखडलेल्या एका तरुणीला टोचले, आणि थोड्याच दिवसांत ती चालू लागली. १९५० साली या संशोधनाला नोबेल पारितोषिक मिळाले. पण पुढे दुसरी बाजू दिसली. हे औषध जास्त प्रमाणात, दीर्घकाळ घेतले तर साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, चेहरा सुजतो, जंतुसंसर्ग लवकर होतो.

आज आपण ज्याला 'स्टिरॉइड' म्हणतो ते हेच. जाणत्या डॉक्टरने कमीत कमी मात्रेत आणि ठरावीक मुदतीसाठी दिले, तर त्याचा उपयोग मोठा आहे. धोका आहे तो नकळत घेतलेल्या स्टिरॉइडचा.

मागे एक पन्नाशीच्या बाई माझ्याकडे आल्या. सारखी तहान, रात्री चार-पाच वेळा लघवीला उठणे, आणि तीन महिन्यांत चेहरा गोल झालेला. साखर तीनशेच्या वर निघाली. औषध काय घेता, तर म्हणाल्या, "काहीच नाही डॉक्टर, फक्त वाताच्या पुड्या. झाडपाल्याच्या आहेत, दोन दिवसांत गुण आला बघा." दोन दिवसांत गुण येणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असल्याचे प्रकार वारंवार उघडकीला आले आहेत. मात्र अशा पुड्या बरेच दिवस घेतल्या असतील, तर घाबरून एकदम बंदही करू नका. शरीराने आपले कॉर्टिसॉल तयार करणे थांबवलेले असते. अचानक तोडल्यास रक्तदाब घसरून जिवावर बेतू शकते. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. मात्रा हळूहळू उतरवावी लागते. त्या बाईंचे आम्ही असेच केले.

तपासणी कधी करावी?

सकाळी स्टिरॉइडची गोळी घेणाऱ्याची साखर दुपारी आणि संध्याकाळी चढते, रात्रीतून पुन्हा उतरते. त्यामुळे उपाशीपोटी तपासलेली साखर नेमकी बरोबर येते आणि रुग्ण निर्धास्त राहतो. अशांनी दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी तपासावी. एरवी उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त, अथवा तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीए१सी तपासणीत ६.५ किंवा अधिक आल्यास मधुमेह समजतात. खात्रीसाठी तपासणी पुन्हा करतात. आमवातात रक्तक्षय नेहमीचा, आणि रक्तक्षय असला की एचबीए१सीचा आकडा फसवा येऊ शकतो, हेही डॉक्टरांच्या कानावर घालावे. वर्षातून एकदा तपासणी सर्वांनीच करावी. स्टिरॉइड सुरू झाल्यास लगेच आणि वरचेवर. सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन घेतल्यावरही काही दिवस साखर वाढते.

काय करावे?

आमवाताचे मूळ उपचार टाळू नका. सूज आटोक्यात आली की इन्शुलिनचा अंमलही सुधारतो, आणि स्टिरॉइडची गरज कमी होते. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे आमवातातले जुने औषध घेणाऱ्यांत मधुमेह कमी आढळला, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसले. पण म्हणून ते स्वतःच्या मनाने सुरू करू नये. त्यासाठी डोळ्यांची तपासणी लागते, आणि मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर साखर फार उतरूही शकते. मेथोट्रेक्सेट बहुधा आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नव्हे, हे घरातल्या माणसांनीही लक्षात ठेवावे.

सूज उतरलेल्या दिवसांत रोज अर्धा तास चाला. भात-पोळीचा वाटा थोडा कमी करून उसळ, डाळ, भाजी वाढवा. विडी-सिगारेट सोडा, मिश्रीही सोडा. आमवाताने पायाची बोटे वाकडी झालेली असतात, मधुमेहाने पायाची जाणीव कमी होते. म्हणून रोज रात्री तळपाय पाहा आणि अनवाणी फिरू नका.

पुढच्या वेळी सांधे दाखवायला जाल, तेव्हा डॉक्टरांना आपण होऊन विचारा, "माझी साखर शेवटची कधी तपासली होती?" प्राथमिक आरोग्य केंद्रातही ही तपासणी होते. बोटावर एक टोचा बसेल, एवढाच काय तो त्रास.